लहान महाविद्यालयांचे बास्केटबॉल : कॅन्सस सिटी आणि मध्य मुंबई

प्रस्तावना

लहान महाविद्यालयांच्या पुरुष बास्केटबॉल संघांनी बड्या विद्यापीठांच्या सावलीत न राहता आपले राष्ट्रीय अजिंक्यपद आपसांत ठरवावे, ही कल्पना १९३७ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात प्रत्यक्षात उतरली. कॅन्सस राज्यातील बेकर विद्यापीठ या छोट्या संस्थेत क्रीडा विभाग सांभाळणारे एमिल लिस्टन हे तिचे मुख्य सूत्रधार होते, आणि या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांचे पाठबळ तिला लाभले होते. पहिल्या वर्षी आठ संघ आले. दुसऱ्याच वर्षी ही संख्या बत्तीस झाली आणि पुढे अनेक दशके ती तशीच राहिली. बत्तीस संघांची बाद फेरी म्हणजे विजेत्याला एका आठवड्याच्या आत पाच सामने जिंकावे लागणार, आणि एकही हरला तर त्याच रात्री सामान आवरून परतीची वाट धरावी लागणार. एखाद्या संस्थेने स्पर्धा भरवावी हा नेहमीचा क्रम असतो. येथे मात्र स्पर्धा आधी आली आणि ती चालवण्यासाठी १९४० साली संस्था स्थापन झाली, जी १९५२ पासून नॅशनल असोसिएशन ऑफ इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक्स, संक्षेपाने एनएआयए, या नावाने ओळखली जाते.

या स्पर्धेचा इतिहास मराठी वाचकासमोर ठेवण्यामागे एक निश्चित प्रश्न आहे. गिरगावपासून दादरपर्यंतच्या पट्ट्यात महाविद्यालये एकमेकांना खेटून उभी आहेत, या पट्ट्याच्या मधोमध असलेल्या नागपाड्याने भारतीय बास्केटबॉलला आंतरराष्ट्रीय दर्जाचे खेळाडू दिले, आणि तरीही या भागातल्या एकाही लहान महाविद्यालयाला स्वतःच्या नावाने राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळण्याची वाट विद्यापीठीय व्यवस्थेत का सापडली नाही, हा तो प्रश्न होय. खेळाडूंची गुणवत्ता किंवा शहराची आवड यांत त्याचे उत्तर मिळत नाही. ते महाविद्यालय आणि विद्यापीठ यांच्यातील नात्याच्या घडणीत दडलेले आहे, आणि ती घडण बास्केटबॉलपेक्षाही जुनी आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन म्हणजे वायएमसीए या संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात, नेस्मिथ यांना हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम सोपवण्यात आले होते. त्यांनी पीच फळांच्या दोन करंड्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, फुटबॉलचा चेंडू घेतला आणि तेरा नियम लिहून काढले. चेंडू हातात घेऊन धावायचे नाही आणि लक्ष्य डोक्यावर, आडवे ठेवायचे, या दोन अटींनी खेळातली धक्काबुक्की कमी झाली व नेमकेपणाला महत्त्व आले. करंडी ज्या उंचीवर ठोकली गेली ती दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, ही उंची आजही कायम आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोर्ट, म्हणजे खेळाचे अंगण, २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते, एका वेळी प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू उतरतात आणि दहा मिनिटांचा एक असे चार डाव होतात. मुंबईच्या संदर्भात यातला सर्वांत मोलाचा आकडा कोर्टाच्या क्षेत्रफळाचा आहे, कारण ४२० चौरस मीटर एवढ्या जागेत दहा जण खेळू शकतात आणि बाकीचे पाच-पाचच्या टोळ्या करून आपली पाळी येईपर्यंत कडेला थांबू शकतात. क्रिकेटच्या एका मैदानाला जेवढी जागा लागते तेवढ्यात अशी कित्येक कोर्टे बसतात. दाट वस्तीच्या शहरात हा खेळ रुजण्याचे ते एक साधे कारण आहे.

भारतात हा खेळ आला तो वायएमसीएच्याच मार्गाने. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी देशभरच्या शाळा-महाविद्यालयांत बास्केटबॉल, व्हॉलीबॉल हे खेळ नेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली आणि बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया ही संघटना १९५० साली अस्तित्वात आली. दरम्यान १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले आणि तो सोहळा पाहण्यास स्वतः नेस्मिथ उपस्थित होते. त्याच प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. एक खेळ त्या व्यासपीठावरून जगभर पसरला, तर कबड्डीला आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकांचा खेळ होण्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. या दोन खेळांचे नशीब मध्य मुंबईत पुन्हा एकमेकांशेजारी येते, म्हणून हा योगायोग येथे नोंदवला आहे.

मुंबईतल्या या खेळाची खरी कथा नागपाड्याची आहे, आणि ती महाविद्यालयातून सुरू होत नाही. अमेरिकन मराठी मिशन ही संस्था १८१३ पासून मुंबईत काम करत होती. अहमदनगरचे तिचे केंद्र आणि १८४२ साली सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ यांमुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तिचे नाव परिचित आहे. या मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोतील हल हाउस (१८८९) यांच्या धर्तीवरचे हे वस्ती-केंद्र होते, म्हणजे गरीब व मिश्र वस्तीच्या मध्यभागी राहून तिथल्या लोकांसाठी वाचनालय, दवाखाना, वर्ग, व्याख्याने आणि खेळ यांची सोय करणारी संस्था. भायखळ्याच्या या बाजूला मुस्लिम, ज्यू, इराणी, ख्रिश्चन, हिंदू अशी सर्व प्रकारची कुटुंबे एकाच गल्लीत राहत होती आणि खेळायला अंगण कोणाच्याच वाट्याला येत नव्हते. नेबरहुड हाउसने आणि वायएमसीएने ते दिले. याच नेबरहुड हाउसमध्ये १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले व मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. पुढे देवनारला गेलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ती हीच. देशातील समाजकार्याच्या उच्च शिक्षणाचा आरंभ आणि एका वस्तीच्या बास्केटबॉलची पायाभरणी एकाच छपराखाली झाली, ही गोष्ट मुंबईच्या सामाजिक इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी अद्याप आलेली नाही.

नागपाड्याच्या खेळाची जात समजून घ्यायची तर तिथल्या उघड्या कोर्टाकडे जवळून पाहावे लागते. सिमेंटच्या जमिनीवर चेंडूच्या कातडीवरचे बारीक दाणे काही महिन्यांत झिजतात आणि चेंडू गुळगुळीत होतो. मग तळहात पुन्हा पुन्हा बुटाच्या तळव्यावर किंवा चड्डीवर पुसून खेळाडू पकड टिकवतात, आणि अशा चेंडूवर शिकलेला मुलगा नव्या चेंडूवर आला की त्याचे हात अधिक चपळ वाटतात. रिंगला जाळी नसली तर चेंडू आरपार गेला की कडेला घासून गेला हे आवाजावरून ठरवावे लागते आणि त्यावरून वाद होतात. पडले की गुडघे सोलतात, म्हणून अंगावर झेप घेण्यापेक्षा चकवून निघण्याकडे कल राहतो. ड्रिब्लिंग, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे, येथे कमरेच्या खाली, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर केले जाते, कारण कडेला उभे असलेल्यांची गर्दी रेषेपर्यंत आलेली असते आणि वळायला जागा हातभर असते. हरलेला संघ बाहेर आणि कडेचा पुढचा संघ आत, हा नियम पाळला जात असल्याने हरणे म्हणजे पुन्हा बराच वेळ बाहेर बसणे, आणि म्हणूनच संध्याकाळच्या साध्या सरावालाही सामन्याची धार येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस हे सारे बंद पाडतो. छत असलेले कोर्ट मिळणे आजही या भागात दुर्मिळ आहे, आणि पावसाळ्यात चार महिने हात बांधून बसणाऱ्या खेळाडूने बारमाही सराव करणाऱ्यांशी बरोबरी करायची, हा अन्याय येथे स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

या अंगणातून अब्बास मुंतासिर घडले. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषवलेल्या या नागपाड्याच्या खेळाडूला १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्यांच्या मागून या वस्तीतून आंतरराष्ट्रीय खेळाडूंची एक परंपराच उभी राहिली. भारतीय पुरुष संघ १९७५ साली बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत चौथा आला व १९८० साली मॉस्को ऑलिम्पिकमध्ये खेळला. त्यानंतर भारतीय पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये पोचलेला नाही. राष्ट्रीय पातळीवर रेल्वे आणि सेनादलांच्या संघांचे वर्चस्व दीर्घकाळ राहिले, कारण खेळाडूला नोकरी देण्याची ताकद त्यांच्याकडे होती. मुंबईच्या मुलाने कोर्टावर नाव काढायचे, त्या जोरावर रेल्वेत, बँकेत किंवा कस्टम्समध्ये लागायचे आणि घर उभे करायचे, हा मार्ग नागपाड्यात जसा होता तसाच लालबाग-परळच्या कबड्डीपटूंनाही ओळखीचा होता. महाविद्यालय या मार्गात एक थांबा म्हणून येत होते. खेळाडूची घडण त्याच्या आधी आणि त्याच्याबाहेर झालेली असे.

संघ कोणाच्या नावाने बांधावा, हा प्रश्न मुंबईला नवा नव्हता. मरीन लाइन्सच्या जिमखान्यांवरचे क्रिकेट धर्मानुसार वाटलेले होते. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम यांच्या चौरंगी सामन्यांत १९३७ पासून ‘इतर’ हा पाचवा संघ आला आणि पंचरंगी स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. पळवणकर बंधूंनी त्या चौकटीत राहूनच अस्पृश्यतेच्या भिंतीला तडा दिला आणि पळवणकर विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, तरी चौकट धर्माचीच राहिली. १९३५ साली विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला तेव्हा धर्माऐवजी शिक्षणसंस्थेच्या नावाने क्रिकेट खेळण्याचा एक पर्याय उभा राहिला. नागपाड्यातला संघ वस्तीच्या नावाने बांधला जात होता, आणि वस्ती मिश्र असल्यामुळे संघही मिश्र होता. त्यासाठी कोणाला वेगळा ठराव करावा लागला नाही.

कॅन्सस सिटीच्या स्पर्धेला मात्र असा ठराव करावा लागला, आणि तो कसा झाला हे पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. आरंभीच्या काळात या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. १९४७ साली इंडियाना राज्यातील एका अध्यापक महाविद्यालयाचे तरुण प्रशिक्षक जॉन वुडन यांनी, आपल्या संघातील क्लॅरेन्स वॉकर या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला खेळता येणार नाही म्हणून, स्पर्धेचे निमंत्रणच नाकारले. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकर संघाबरोबर आले आणि तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचून लुईव्हिलकडून हरला. १९५३ साली एनएआयएने कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना सभासदत्व खुले केले, आणि १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन अजिंक्यपदे नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या अशाच एका महाविद्यालयाने जिंकली. त्याचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन हे कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ यांचे विद्यार्थी होते. तेथे त्यांना वर्णामुळे विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नव्हते. ग्रॅम्ब्लिंग या लुइझियानातील महाविद्यालयाने १९६१ साली हेच अजिंक्यपद मिळवले तेव्हा त्याच्या संघात विलिस रीड होते, जे पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमधले अग्रगण्य खेळाडू झाले. मोठ्या विद्यापीठांच्या स्पर्धांत ज्यांना दार बंद होते त्यांना लहान महाविद्यालयांच्या स्पर्धेने आधी दार उघडले, यात या स्पर्धेचा खरा मोठेपणा आहे. तिच्या पुढच्या विस्ताराचे, म्हणजे १९९४ ते २००१ या काळातील टल्सा शहरातील मुक्कामाचे किंवा पुढे चौसष्ट संघांवर गेलेल्या संख्येचे, महत्त्व त्यामानाने दुय्यम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. अमेरिकेतील लहान महाविद्यालय स्वतः पदवी देते, स्वतःचा अभ्यासक्रम आखते आणि स्वतःच्या नावाने ओळखले जाते. विद्यार्थी दोन हजार असोत की सातशे, त्याच्या वरती दुसरे विद्यापीठ नसते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले ते संलग्नतेच्या तत्त्वावर, म्हणजे शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. गिरगावातील आंब्रोळीच्या इंग्रजी शाळेतून वाढलेले विल्सन महाविद्यालय आपली परंपरा १८३२ पासून मोजते, म्हणजे ती संस्था विद्यापीठापेक्षा पंचवीस वर्षांनी थोरली. तरी संलग्न झाल्यावर ती इतरांसारखीच एक. पुढे माटुंग्याचे रुईया १९३७ साली, फोर्टमधील सिद्धार्थ १९४६ साली, दादरचे कीर्ती १९५४ साली आले. परळला महर्षी दयानंद महाविद्यालय उभे राहिले. मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातील शेकडो महाविद्यालये आज या एका विद्यापीठाला संलग्न आहेत.

खेळाची व्यवस्था या शैक्षणिक व्यवस्थेच्या मापानेच बेतलेली आहे. महाविद्यालयाचा जिमखाना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्रीडा-उपक्रमांचा विभाग, वर्षाच्या आरंभी संघ निवडतो, शारीरिक शिक्षणाचे संचालक नावे पाठवतात, मग विभागवार आंतरमहाविद्यालयीन सामने होऊन एक महाविद्यालय विजेते ठरते. इथपर्यंत गणवेशावर महाविद्यालयाचे नाव असते. त्यानंतर निवड चाचणी होते, वेगवेगळ्या महाविद्यालयांतील बारा-पंधरा मुले उचलली जातात आणि विद्यापीठाचा एक संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, जिचे आयोजन भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा चार विभागांतून करते. राज्यपातळीवर ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव आहे, राष्ट्रीय पातळीवर २०२० साली भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा आहेत; या सर्व ठिकाणी उतरते ते विद्यापीठ. महाविद्यालयातील सर्वांत चांगला खेळाडू पुढे जातो आणि बाकीचे नऊ-दहा जण, ज्यांनी वर्षभर त्याला पास दिले, ज्यांच्या जोरावर त्याचा खेळ उठून दिसला, ते विभागीय करंडकासोबत मागे राहतात. निवडलेला संघ अर्थातच अधिक बलवान असतो. परंतु बास्केटबॉल हा सवयीचा खेळ आहे. कोण कोठे वळणार, कोणाचा हात कोणत्या बाजूने वर येणार, हे चार वर्षे एकत्र खेळलेल्या पाच जणांना न पाहता कळते, आणि ऐन हंगामात दहा दिवसांच्या शिबिरात बांधलेल्या संघाकडे ती समज येणे कठीण असते. महाविद्यालयाचा संघ जिथे संपतो तिथेच हा साचलेला ठेवाही संपतो.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की हजारो महाविद्यालये असलेल्या देशात प्रत्येकाला राष्ट्रीय मैदान देणे शक्य नाही, आणि विद्यापीठाचे नाव घेऊन खेळण्यात कमीपणा कसला. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि अलीकडच्या दोन घटना त्याला छेद देतात. फोर्ट व चर्चगेट परिसरातील एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि माध्यमिक शिक्षक महाविद्यालय यांचे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले, आणि २०२० साली के. सी., एच. आर. व बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज यांचे एचएसएनसी विद्यापीठ झाले. तीन-चार महाविद्यालयांचा समूह विद्यापीठ म्हणवू लागताच त्याला स्वतंत्र संघ उतरवण्याची वाट खुली होते. गिरगाव चौपाटीसमोरचे किंवा परळच्या चौकातले महाविद्यालय मात्र तेवढेच विद्यार्थी, तेवढेच गुण आणि अधिक जुना जिमखाना असूनही शेकडोंमधले एक राहते. संख्येची अडचण खरी असेल तर ती सर्वांना सारखी लागू व्हायला हवी, आणि ती तशी लागू होत नाही.

मध्य मुंबईने या उणिवेवर आपल्या परीने उत्तर शोधले होते, आणि ते उत्तर कबड्डीच्या मंडळांत दिसते. गिरणगावातील, म्हणजे लालबाग-परळच्या कापडगिरण्यांच्या भागातील, व्यायामशाळा व क्रीडा मंडळे चाळीच्या, गल्लीच्या, गावच्या नावाने उभी राहिली. दादरचे अमर हिंद मंडळ किंवा शिवाजी पार्कचे समर्थ व्यायाम मंदिर अशा संस्थांनी खेळाला शिस्त व संघटना दिली, आणि कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांनी या विखुरलेल्या खेळाला नियम व देशव्यापी संघटन मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले. जिल्हा व राज्य संघ निवडीने ठरत असले तरी निमंत्रितांच्या स्पर्धा, म्हणजे यजमान मंडळाने बोलावलेल्या संघांच्या स्पर्धा, ही सोय कबड्डीने स्वतःहून निर्माण केली. प्रकाशझोतात, लालबाग-परळच्या मैदानात, कुठल्याशा गल्लीतले मंडळ आपल्या पूर्ण संघानिशी, आपल्या नावाची पाटी छातीवर लावून राज्यभरातल्या नामवंत संघांशी खेळत असे आणि सारी चाळ त्याच्या मागे उभी राहत असे. एमिल लिस्टन यांनी कॅन्सस सिटीत जे योजनापूर्वक केले, त्याचेच एक रूप गिरणगावात वर्गणीतून उभे राहिले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांची घडी विस्कटली, वर्गणी देणारे हात रिकामे झाले आणि गिरण्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे आले. त्या जमिनींच्या वाटपात मोकळ्या मैदानांचा वाटा किती मोठा असायला हवा होता आणि प्रत्यक्षात किती लहान राहिला, हे परळ-लालबागला जाणाऱ्या कोणालाही डोळ्यांनी दिसते.

बास्केटबॉलला कबड्डीसारखी चाळीची वर्गणी मिळाली नाही, कारण तो मिशनच्या, वायएमसीएच्या आणि महाविद्यालयांच्या अंगणात वाढला. त्यामुळे त्याचा आधार संस्था हाच राहिला. संस्थेचा आधार हवा आणि संस्थेचे नाव मात्र पुढे न्यायचे नाही, ही या खेळाची मुंबईतली कोंडी आहे. नागपाडा त्यातून सुटला तो वस्तीलाच संस्था बनवून. दादर-परळच्या महाविद्यालयांना तसे करता आले नाही, आणि त्यांच्या संघांची कामगिरी आज जिमखान्यांच्या कपाटांतील ढालींवर व कोनाड्यातल्या पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांवर तेवढी उरली आहे. ते साहित्य गोळा करून तारखा लावण्याचे काम या विषयाच्या अभ्यासकासमोर अजून बरेचसे पडलेले आहे. महिलांच्या बास्केटबॉलचा विचार येथे केलेला नाही, कारण त्याच्या अडचणी, मैदानाच्या वेळांपासून घरच्या परवानगीपर्यंत, निराळ्या आहेत आणि त्यांना स्वतंत्र ग्रंथाची आवश्यकता आहे.

या विवेचनातून निघणारी मागणी लहान आहे आणि तिला कायदा बदलावा लागत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर येथील विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे विजेते महाविद्यालय दरवर्षी ठरतच असते. त्या विजेत्यांना, निवड चाचणीने न फोडता, पूर्ण संघानिशी व स्वतःच्या नावाने एका आठवड्यासाठी एकत्र बोलावणे एवढेच करायचे आहे. कॅन्सस सिटीतही पहिल्या वर्षी आठच संघ होते. मुंबई विद्यापीठाने, किंवा मध्य मुंबईतील दोन-चार महाविद्यालयांच्या जिमखान्यांनी एकत्र येऊन, हे निमंत्रण पाठवावे. माजी विद्यार्थ्यांनी प्रवासाचा व निवासाचा भार उचलावा. आणि महापालिकेने गिरणगावात एक तरी छपराखालचे कोर्ट बांधून द्यावे, म्हणजे पावसाळ्यातही सराव थांबणार नाही.